मागे घेताना

तेरा फुटी कॅम्पर. पांढरा, गोलसर,
लांबून पाहिलात तर ट्रकनं घातलेलं अंडं.
आत एक बाक, त्याची रात्री खाट होते.
एक शेगडी. दोन कप.
दुसरा मी काढून ठेवलेला नाही.
वळणावर तो पहिल्यावर आपटतो
आणि मला कळतं, वेग जास्त झालाय.

सस्कॅचवनचे हे रस्ते गणिताच्या वहीसारखे:
मैलामैलाला एक उभा, दोन मैलांनी आडवा,
सगळे खडीचे.
चुकायला तशी जागा नाही,
तरी मी चुकते.
डावीकडे जवस, दुपारपर्यंतच निळा,
मग पाकळ्या गाळून मोकळा होणारा.
उजवीकडे कनोला,
डोळे मिटले तरी पिवळा.
समोरून एखादा पिकअप आलाच
तर चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो.
मीही उचलते.
दिवसाला तेवढं बोलणं पुरतं.

काल पुरलं नाही.
नकाशात रस्ता होता, जमिनीवर नव्हता.
तळं पसरून आडवं आलेलं,
मधोमध दोन बदकं,
जणू सडक त्यांच्याच नावावर.
दोन्ही बाजूंना खोल चर, वळायला जागा नाही.
म्हणजे अर्धा मैल उलटं.

उलटं जाणं काय असतं ते ओढणाऱ्याला विचारा.
शेपूट डावीकडे न्यायचं तर चाक उजवीकडे,
आणि जरा जास्त झालं की ट्रक नि कॅम्पर
काटकोनात उभे, अबोला धरलेल्या जावा.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी,
बर्फात, धुक्यात, चाळीस पोरांच्या कलकलाटात,
पण बसचं शेपूट बसचंच ऐकतं.

व्हर्ला मागे उभी राहायची.
धाकटी, पण आवाज थोरलीचा.
"डावं! लॉरेटा, तुझं डावं!
थांब. अगं थांब म्हटलं ना!"
नऊ उन्हाळे आम्ही भांडलो ते एवढ्यावरच,
आणि मग शेजारी बसून खाल्ले
शेपू आणि साय घातलेले नवे बटाटे,
एकाच भांड्यातून, न बोलता.
ती मार्चमध्ये गेली.
जमीन मऊ व्हायची वाट पाहावी लागली, मेपर्यंत.

तिसऱ्यांदा चाक चरात जाता जाता राहिलं
तेव्हा शेतातून क्वाडवर एक म्हातारा आला,
ओरेस्ट बाबियुक, असं त्यानं नंतर सांगितलं.
आधी तळं पाहिलं, मग कॅम्पर, मग मला.
"मी काढून देऊ?"
"नको. फक्त मागे उभे राहा.
चुकले तर ओरडा."
तो ओशाळला.
"ओरडणं मला जमत नाही.
आमच्याकडे ते खातं बायकोकडे होतं."

तर तो उभा राहिला. आरशाच्या कोपऱ्यात
एक तपकिरी टोपी, एक हात,
वासराला जवळ बोलवावं तसा हलणारा.
अर्धा मैल, पाऊण तास.
एकदा त्यानं हात खाली सोडला आणि मी थांबले,
पाहिलं तर तो नाक शिंकरत होता.
शेवटी एका शेताच्या तोंडाशी जागा मिळाली,
तिथं वळले.

खिडकीशी येऊन तो जरा घुटमळला.
"एक विचारू?
सगळा वेळ तुम्ही म्हणत होतात,
ऐकलं, ऐकलं गं, बहिरी नाही मी.
मी तर तोंड उघडलं नव्हतं."

काच वर घ्यायला हवी होती, डास आत येत होते.
मी म्हटलं, इंजिन फार आवाज करतं.
तो म्हणाला, हो, जुनं झालं की करतं,
आणि पुढचा रस्ताही पाण्यात आहे,
चर्चच्या अलीकडूनच वळा,
घुमटाच्या, लाकडी. दुसऱ्या नव्हे.

मी दुसऱ्याच चर्चशी वळले.