पंधरवड्याची होडी

डॉक्टरीण कागदावर मधोमध रेघ ओढते.
डावीकडे: दंडात सुई, दिवसाआड, आठवडाभर;
मग थोडी उसंत, मग पुन्हा तेच.
केस राहतील.
उजवीकडे: पंधरा दिवसांतून एकदा, शिरेतून.
मळमळ. केसांचं सांगता येत नाही.

जोनालिन विचारते,
होडीचं भाडं कुठल्या बाजूला लिहू?
ग्विमारासहून इलोइलो, जाऊन-येऊन,
त्यात आंब्यांना वर्तमानपत्रं गुंडाळायचा महिना.

मूल नव्हतंच पोटात,
पाणी भरलेल्या मण्यांचा घोस होता.
तो काढला, तरी रक्त अजून
दिवस गेल्याचंच सांगतंय:
चार हजार दोनशे.

ती उजवीकडे बोट ठेवते.

धक्क्यावर नवरा विचारतो, काय ठरलं?
ती वेणी सोडते, पुन्हा घालते,
घट्ट.
“एकच फेरी.”