आतनं गरम

डोकं गोकाकच्या चिताऱ्याकडचं,
हलक्या लाकडाचं, एक भुवई दुसरीपेक्षा वर.
अंगरखा मी शिवला,
शहापूरच्या लुगड्याच्या उरलेल्या काठाचा.
तर्जनी त्याची मान,
अंगठा आणि मधलं बोट त्याचे हात.
पाय नाहीत. मुलं ते कधी विचारत नाहीत.

मंगळवारी आणि शुक्रवारी बेळगावहून निपाणी.
बसची पाटी कन्नडात, कंडक्टरच्या शिव्या मराठीत,
सुट्टे तो दोन्हीत मागतो.
तवंदीचा घाट आला की पिशवी मी मांडीवर घेते.
एका वळणावर कठडा नवा आहे,
जुन्यापेक्षा पांढरा.

सम्मेद भरतेश मगदूम, वय साडेपाच.
स्तवनिधीहून दर्शन करून येताना
वडलांच्या पुढं, टाकीवर बसला होता.
ओठाला दोन टाके. बाकी काही नाही, डॉक्टर म्हणाले.
बाकी म्हणजे
बोलत नाही. चावतो.
दिवस मावळायच्या आत जेवणारं घर,
रात्री तीनलाही त्याचे डोळे उघडे.

पहिल्याच महिन्यात त्यानं बाहुल्याचं नाक चावून काढलं.
मी चिकटवलं, त्यानं पुन्हा काढलं.
तिसऱ्यांदा मी ते राहू दिलं.

बाहुल्याकडून मी खूप बोलून घेतलं,
मराठीत, मग माझ्या मोडक्या कन्नडात,
मग नुसतं कुईं कुईं.
तो बाहुल्याकडे बघायचाच नाही.
बघायचा माझ्या कोपराकडे,
जिथं बाहुला संपतो आणि बाई सुरू होते.

त्या शुक्रवारी त्यानं बाहुल्याला आडवं केलं,
माझ्या मनगटासकट, सतरंजीवर.
खिशातला रुमाल त्याच्या तोंडावर घातला,
चारी कोपरे ओढून सरळ केले,
कुणाला तरी करताना बघितल्यासारखे.
आणि दारातल्या आईकडे, काकाकडे वळून
चार महिन्यांनी बोलला:
"उठवू नगासा. दमलाय. निजलाय."

आई भिंतीला टेकली.
हे वाक्य त्याचं नव्हतं.
त्या दिवशी सोप्यात कुणीतरी ते त्याला दिलं होतं,
रडू नये म्हणून, लिमलेटची गोळी द्यावी तसं.
ते गालात धरून तो जागत होता,
कारण दमून निजलेल्या माणसाला
कुठं नेतात, ते त्यानं पाहिलं होतं.

मग तो बाहुल्याच्या कानाशी वाकला.
"ऊठ."
थांबला. शाळेतल्या भाषेत करून बघितलं.
"एळो. एळो."

माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.
एक बोट हललं असतं तर
खोलीतले सगळे हसले असते, मीसुद्धा.
इतकं सोपं होतं.
बाहुलं जिवंत कसं करायचं, ते मला शिकवलं होतं.
न करणं कुणी शिकवलं नव्हतं.

हात मी हळूच बाहेर काढला.
अंगरखा चपटा झाला.
"सम्मेद, हा निजला नाही," मी माझ्याच आवाजात म्हणाले.
"हा आता उठणार नाही. कुणी हाक मारली तरी.
तुझं काही चुकलं म्हणून नव्हे."
काका बाहेर गेले, चपला न घालता.

तो रडला नाही.
रुमालाची घडी करून खिशात ठेवली.
मग अंगरख्यात आपला हात सारला,
मनगटापर्यंत, कोपरापर्यंत.
बोटं पुरेनात, मान एका अंगाला लवंडली.
"आतनं गरम हाय," तो म्हणाला.
"माझा हात होता ना."
"ठावं हाय."

फॉर्मवर एक रकाना आहे, प्रगती.
मी चार ओळी लिहिल्या, खोडल्या,
मग लिहिलं: बाहुला त्याच्याकडे ठेवला आहे.

परतीच्या बसमध्ये पिशवी रिकामी.
घाटात ती मांडीवर घ्यावी की नको, कळेना.
आईचा फोन आला, झोपलेला नाही,
पण डोळे मिटून पडलाय,
आणि विचारतोय, नाक कुठाय.

कंडक्टरनं सुट्टे मागितले.
पाकिटाच्या तळाशी, नाण्यांमध्ये,
ते बोटाला लागलं.