अर्जाचा चौथा मसुदा

प्रश्न एकच: हेच काम तुला का करायचंय?
उत्तर दोनशे शब्दांत.
लिहिलं, मला शिकायची आवड आहे.
खोडलं.

रात्रीचे पावणेदोन. उभा मारुती चौकात
कुणीतरी बुलेट तापवतंय.
मार्गदर्शकाच्या देशात आता दिवेलागण असेल.
आत आबा घोरतायत,
गुळाच्या अडतीवर बावीस वर्षं दिवाणजी.

रवा काट्यावरून हलायच्या आधी
वहीत आकडा.
हमाल ओरडायचे, "आबा, गाडी सुटायलीय!"
आबा मान वर करायचे नाहीत.
आधी वही, मग गाडी.
वीज जावो, काट्यावरचा पोऱ्या
मधेच जेवायला पळो,
संध्याकाळी त्या वहीवरून ते
अख्खा दिवस परत उभा करायचे,
रव्यांसकट.

डेटाबेसही हेच करतो, सर.
अकरा दिवस मी त्याचा कोड वाचला,
निम्मा कळला नाही.
पण पान बदलायच्या आधी
तो जिथे लॉगमध्ये नोंद करतो
तिथे मी थांबले.
मला आबांचं अक्षर दिसलं.

खाली कुणीतरी नऊ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय:
हे कधीतरी नीट करायला हवं.
ते 'कधीतरी'
मला द्या.

शब्द झाले दोनशे तेरा.
आबा पाण्याला उठले, पडद्याकडे बघत उभे राहिले.
यातलं काय खोडू, आबा?
"खोडायचं न्हाई. खाली दुरुस्ती लिवायची
आणि सही करायची."
पण त्यांना दोनशेच चालतात.
"मग त्यास्नी सांग की तसं,"
म्हणाले, आणि तांब्या घेऊन आत गेले.