परांची

आप्पा परांची बांधायचे.
राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत, स्टेशन रोडला,
जिथं भिंत नवी किंवा भिंतीला रंग नवा
तिथं पहिला माणूस आप्पा, आणि शेवटचाही.
उभे कळक, आडवे कळक, काथ्याची गाठ.
काम सरलं की सगळं सोडून
हातगाड्यावर घालून घरी.
मागं उरायची इमारत,
आणि कोनशिलेवर भलत्याच कुणाचं नाव.

मी आता विद्यापीठाच्या माळावर
उंदराच्या मेंदूच्या चकत्या बघते.
जेवताना आप्पांनी विचारलं,
"काय बघालीस गं त्यात दिवसभर?"

दोन पेशी, म्हटलं. आणि त्यांच्यामधली फट.
"केवढी फट?"
माझा एक केस घ्या आप्पा, तो उभा चिरा,
चार हजार पदर करा,
त्यातल्या एका पदराएवढी.
ह्या काठावरून त्या काठाला निरोप जातो.
पुस्तकं सगळी निरोपाचीच नावं घेतात.
पण निरोप झेलायचा
तर झेलणारा बरोबर समोर नको?

आपल्या मंगळवार पेठेच्या बोळात
हौसाक्काची खिडकी आणि जैनबभाभींची खिडकी.
विरजणाची वाटी इकडून तिकडं,
हात लांबवला की हात.
मग हौसाक्कानं घर नवं बांधलं,
खिडकी हातभर सरकली.
वाटी एकदा बोळात पडली, एकदा कुणाच्या सायकलवर,
मग जिना उतरायचा कंटाळा,
मग पिशवीतलं दही.
भांडण नव्हतं काहीच.
नुसतं हातभर.

खिडकी सरकू देत नाहीत
अशी प्रथिनं असतात, आप्पा.
काही फटीतून आरपार हातात हात घालून उभी,
काही पलीकडच्या कातडीखाली
एकमेकांत गुंतून दाट,
झेलणाऱ्यांना जागच्या जागी धरून.
निरोप त्यांचा नाही, वीजही त्यांची नाही.
"मग करत्यात काय?"
धरतात.

आप्पांचा घास हातातच राहिला.
"परांचीच की मग.
सोडायची कदी?"

नाही सोडायची. सोडली तर निरोप गळतो.
पण एकेक कळक मात्र सारखा बदलतो.
थोड्या दिवसांत प्रथिन झिजतं, मोडतं,
त्याच्या जागी तसंच दुसरं.
सातवीतला पाढा अजून येतो मला,
तो बांधताना लावलेलं
बहुधा एकही नसेल आता तिथं.

मला वाटलं, आप्पा थक्क होतील.
आप्पा म्हणाले, "त्यात काय!
वर रंगारी चढल्याला असताना
खालचा कुजका कळक कितींदा काढलाय मी.
आदी नवा बांधायचा. मग जुना सोडायचा.
वरच्याला कळायबी न्हाई."

मग उठले, माळ्यावरून काथ्या काढला
आणि जेवणाच्या टेबलाच्या पायाला
एक काठी आडवी धरून म्हणाले, "बांध."

माझ्या बोटांना ती गाठ येईना.
दोन वेढे, एक खालून, एक उलटा,
आणि ओढली की सगळं सुटून हातात.
नऊ दिवस.
आप्पा रोज सोडायचे, मी रोज बांधायची,
आई म्हणाली, टेबल तरी मोडा एकदाचं.

दहाव्या दिवशी डोक्यात पेपर तपासायचे होते,
गॅसचा नंबर लावायचा होता,
आणि हातांनी गाठ मारून टाकली.
तेव्हा कुठल्यातरी फांदीवर
ॲक्टिननं रेटून एक कोंब जाड केला असणार,
त्याच्या टोकाशी नवे कळक लागले असणार.
मायक्रोस्कोपखाली हे मी उंदरांचं मोजते.
स्वतःचं मोजता येत नाही.

आप्पांनी गाठीत करंगळी घालून बघितली.
"लई आवळलीस.
कळक फुगतो, वाळतो. त्याला जरा जागा सोड."

सैल केली.
ती अजून तशीच आहे टेबलाच्या पायाला,
जेवताना गुडघ्याला लागते.