हायपो

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानामागे
मुर्तझाच्या आजोबांच्या स्टुडिओची उरलेली खोली.
महिन्याला तीनशे, आठवड्याला दोन तास,
खिळ्याला टांगलेल्या वहीत नाव लिहायचं.
लिहिलं: वैजयंती दिघे, बुधवार, चार ते सहा.
'अनुभव'च्या रकान्यापाशी पेन अडलं.
मग लिहिलं, एकतीस वर्षं. एक्स-रे.

दार उघडलं तर आधी वास.
आंबूस, ओल्या नाण्यासारखा.
हायपो.
हॉस्पिटलातून निवृत्त झाले तेव्हा
निरोपाच्या साडीच्या घडीतही होता हा,
तीन धुण्यांनी गेला.
मला वाटलं, गेला.

नवी मशिनं आली तेव्हा आमचा अंधार
भंगारात काढला होता.
टाक्या, हँगर, चिमटे, सगळं वजनावर.
दाराची काळी जाड चादर कुणी नेली
ते अजून कळलं नाही.

इथे सगळी पोरं.
जिगीषा फार्मसी शिकते. केस निळे आहेत म्हणतात तिचे,
लाल उजेडात मला कसे दिसणार?
रोनक फक्त सायकलींचे फोटो काढतो,
टेकलेल्या, पडलेल्या, साखळी नसलेल्या.
रिळावर फिल्म चढेना म्हणून
परवा अंधारात शिव्या पुटपुटत होता.
दे इकडे, म्हटलं.
अशा मिट्ट काळोखात डोळे उघडे ठेवून
काही उपयोग नसतो, पण कुणी मिटत नाही.
(हे मला कसं कळलं, विचारू नका.)
बोटांनी कड शोधली, वळवली,
सरसर गेली आत.
'मासी, तमे तो जादुगर!'
जादू कसली. चौदा बाय सतराच्या छात्या
लावल्यात मी, एकामागून एक,
हायवेवर बस उलटायची त्या रात्री.

पण फोटो? फोटो मी कधी काढलाच नव्हता.
मुर्तझानं कॅमेरा दिला, पट्ट्याला त्याच्या अत्तराचा वास.
पहिला रोल मांडवीपर्यंत नेला तसाच परत आणला.
लोकांना चेहरे असतात, आणि ते बघतात.
शेवटी कनुभाईपुढे उभी राहिले, चिकूवाला.
चौऱ्याण्णव साली डावं कॉलरबोन मोडलं होतं त्याचं,
मीच धुतलं होतं, टपकत होतं तसंच
डॉक्टरांच्या खिडकीला लावलं होतं.
तेव्हापासून चिकू घेताना
मला सदऱ्याआड तेवढंच दिसायचं,
दोन तुकडे, मध्ये करंगळीएवढी फट.

आज तो ट्रेमध्ये आहे.
बारा सेकंद उजेड दिलाय, ट्रे हळूच हलवतेय,
मनात मोजतेय, मराठीत,
शेजारी जिगीषा गुजरातीत मोजतेय, मोठ्यांदा,
त्यामुळे माझा आकडा दोनदा चुकला.
आमच्या तिकडे हाड पांढरं राहायचं
आणि माणूस काळा होत जायचा.
इथे उलटं. आधी बुबुळं आली,
नाकपुड्या, मिशी,
टोपलीतले चिकू, चिकूंच्या सावल्या,
चेहरा सगळ्यात शेवटी, धुक्यातून येतो तसा,
आणि आला तेव्हा मला ओळखत होता.

डावा खांदा अजून बोटभर खाली आहे.
हाड दिसत नाही.

पण छाती अशी का फुगलेली?
हायपोत बुडवताना आठवलं.
बटण दाबण्याआधी सवयीनं तोंडातून गेलं होतं,
'श्वास भरो. रोको.'
त्यानंही जुन्या सवयीनं रोकला,
समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं तरी.
खट् झालं. खूश होऊन मी कॅमेरा बघत राहिले,
'छोडो' म्हणायचं राहूनच गेलं.

कागद दोरीला लावला.
थेंब पडताहेत. कनुभाई अजून थांबलाय.

सहा वाजले, रोनक दार वाजवतोय.
वहीत लिहिलं: हायपो संपत आलाय, कुणीतरी आणा.
बाहेर ऊन इतकं होतं
की चष्म्याच्या दुकानाच्या काचेत
क्षणभर मीच दिसले नाही.
उद्या त्याच्याकडे जायला हवं,
किलोभर चिकू घ्यायला.