उमेदा, जमिनीखाली

ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं,
एवढंच शिकून आलो होतो.
उमेदा स्टेशनाखाली ते कामाला आलं नाही.

नावातली उमेद तासाभरात संपली.
तीच बेकरी तिसऱ्यांदा,
तोच खरबुजाएवढा पाव काचेमागून बघतोय.
फोनमधला निळा ठिपका
आम्हाला नदीत उभं करून मोकळा झालेला.

मग किल्ल्या बनवणाऱ्या किनुएबाईंनी
कानस खाली ठेवली,
'आलेच' अशा अर्थाची असावी ती पाटी उलटी केली
आणि निघाल्या पुढे, एप्रनवर पितळेचा कीस.

पहिल्या वळणावर त्या ठाम होत्या.
दुसऱ्यावर जरा कमी.
तिसऱ्यावर एका पोरसवदा पोलिसाला विचारू लागल्या,
आणि तो नकाशाची घडी उलगडता उलगडता
कानापर्यंत लाल.

बत्तीस वर्षं, बोटं मोजून दाखवली त्यांनी,
बत्तीस वर्षं एकच दार.
यायचं तेच, जायचं तेच.
हसताना तोंडावर हात.

बाहेर निघालो ते भलतीकडेच.
हॉटेलचा पत्ता नाही. ऊन मात्र होतं,
सायकलींच्या घंट्यांवर,
छोट्याशा देवळातल्या दगडी कोल्ह्याच्या
लाल लाळेऱ्यावर.

किनुएबाई जिन्याच्या तोंडाशी थबकल्या.
अगंबाई, हे इथे आहे होय,
असंच काहीतरी म्हणाल्या असणार.
दोनदा टाळी वाजवली, वाकल्या,
एप्रन झटकला

आणि आम्हालाच खुणेनं विचारलं,
परत कुठून जायचं.