जांभळी पाठ

चिलोए बेटावर सप्टेंबर ओलाच असतो.
एदुविना नाऊएलकीनच्या घरामागे
जुन्या खिडक्यांच्या काचा जोडून केलेलं खोपट,
त्यात दह्याच्या डब्यांतून उभी
टोमॅटोची बावन्न रोपं.

माती तिनंच कालवलेली.
दलदलीतलं शेवाळ दोन घमेली, लेंडीखत एक,
ओहोटीनं मागं टाकलेली हिरवी लामिया
महिनाभर पावसात खारटपणा धुऊन, मग वाळवून,
आणि हाताला लागेल तेवढी वाळू.
शेवटी दोन पुड्या:
मेर्लुसा माशाचे काटे, चुलीवर खरपूस भाजून
कुटलेले, चाळलेले;
आणि तेपूच्या लाकडाची राख, पांढरी, पिठाहून हलकी.

माप म्हणजे एक मोठा शिंपला.
त्याच्या कडेचा टवका उडालाय.
काटे टवक्यापर्यंत,
राख तळ झाकेल इतकीच.
काटे सावकाश देतात, वर्ष वर्ष लावतात,
राख उतावळी:
आली, चटका दिला, पाण्याबरोबर गेली.

गेल्या वर्षी दीर, रोसेन्दो,
फावड्यानं राख ओतत म्हणाला होता,
"लाकूड जळतंय तोवर पोटॅश फुकट, वहिनी!"
फुकटच होतं.
पानांच्या कडा विडीसारख्या जळाल्या,
ओल्या मातीला लावलेला कागद निळाशार झाला.
अति तिथं माती म्हणतात.
इथं मातीतच अति.

यंदा म्हणून ती जपून होती.
तरी एका सकाळी पान उलटलं
तर त्याची पाठ जांभळी,
थंडीत कुडकुडणाऱ्या पोराच्या ओठांसारखी.
जांभळं म्हणजे फॉस्फरस कमी, हे तिला पाठ होतं.
शिंपलाभर काटे घातले.
आठ दिवसांनी आणखी एक शिंपला, टवक्याच्या वरपर्यंत.
जांभळं जांभळंच.

मग ओसोर्नोहून प्रयोगशाळेचा कागद आला:
पोटॅशियम, पुरेसं.
फॉस्फरस, भरपूर.
"भरपूर"खाली कुणीतरी शाईनं रेघ मारलेली.
एदुविनानं तो तीनदा वाचला,
चष्मा पुसून चौथ्यांदा,
आणि खोपटात जाऊन एका डब्यात बोट खुपसलं
मधल्या पेरापर्यंत.

माती माशाच्या पोटासारखी गार होती.

सगळं होतं की त्यात.
गारठलेल्या मुळांना ते उचलता येत नव्हतं.
आणि ती वाढतच राहिली होती,
डाव मागून डाव,
जसं एप्रिलपासून वाढत होती
सामनच्या पिंजऱ्यांवरचं काम सोडून आलेल्या
फ्रोइलानच्या ताटात बटाटे,
आणि तो अर्धे तसेच ठेवून
खिडकीतल्या पाण्याकडे बघत बसायचा.

त्या दुपारी तिनं काहीच घातलं नाही.
बावन्न डबे, सहा खेपा,
स्वयंपाकघरात चुलीमागच्या फळ्यांवर.
जागा पुरेना,
तेव्हा फ्रोइलानची खुर्चीही ओढली
खिडकीपासून आत, चुलीच्या कुशीत.
तो काही बोलला नाही.
खुर्ची जिथं गेली तिथं बसला.

पाचव्या रात्री, बूट काढता काढता,
"यांना पाणी किती?"
"डबा उचलून बघ. हलका लागला तरच."
तो एकेक उचलत गेला,
हातांनी तोलत, अगदी सावकाश,
पिंजऱ्यांमधले मासे मोजावेत तसा.
बाविसाव्यापाशी चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या पानांच्या पाठी जांभळ्याच राहिल्या.
नवं पान वर आलं ते हिरवं,
निदान चाळीस रोपांचं.
उरलेल्यांचं काय झालं, तिलाच माहीत.

चूल आता रात्रंदिवस पेटती,
राखेची बादली दुप्पट वेगानं भरते.
ती दाराबाहेर झाकून ठेवलीय,
वर दगड.
आणि रोसेन्दोला कुणी सांगू नका.